किती प्रती काढता?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने लिहिलं होतं की हाताने लिहिणं आता बँकेच्या स्लिपेपुरतं उरलंय. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. २०१६ साली एस.टी.तून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं मीही पेन धरलं ते सहीसाठी आणि कधीमधी आपल्या शब्दकोड्यासाठी. पण या गुढीपाडव्याला आमच्या हस्तलिखित मासिकाला वर्ष पूर्ण झालं. बारा महिन्यांचे बारा अंक निघाले. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. कात्री लावायची तिथे लावा, शेवटची विनंती मात्र ठेवा. पत्राला बसलो ते तिच्यासाठीच.

मी वाई आगारात वाहक होतो. ३२ वर्षं. मूळ गाव माण तालुक्यातलं, नोकरीने वाईला आलो आणि इथलाच झालो. मासिकाचं नाव सांगत नाही, कारण नाव कळलं की लोक प्रत मागतात, आणि प्रत एकच असते. कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : किती प्रती काढता? एक, म्हटलं की समोरचा थांबतो, आणि मग "हां, म्हणजे अजून सुरुवात आहे" असं म्हणून आमची समजूत घालतो.

सुरुवात झाली ती एका पाटीवरून. आमच्या आळीत एक पेंटर आहेत. वाईतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि काम गेलं. गेल्याच्या गेल्या थंडीत त्यांनी स्वतःचा गाळा भाड्याने द्यायचं ठरवलं आणि तसं एका पुठ्ठ्यावर रंगवून दाराला लावलं. "गाळा भाड्याने देणे आहे." एवढे चार शब्द. पण अक्षर असं की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची, गाळा कुणीच विचारायचं नाही. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या बाई तिथून चालल्या होत्या. त्या आत शिरल्या आणि पेंटरना म्हणाल्या, हे अक्षर काय पुठ्ठ्यावर संपवणार आहात? मी तिथेच स्टुलावर चहा पीत बसलो होतो, म्हणून मीही गुंतलो. नाहीतर लेखन आणि मी यांचा संबंध नव्हता.

पहिल्या बैठकीला आम्ही सात जण होतो, आता अकरा आहोत. बाई, पेंटर, ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक नर्सताई, किराणावाले शेठ, बारावीची एक मुलगी, छापखान्यात हयात घालवलेले एक जुळारी काका, आणि असेच आणखी. नव्या वाचकांसाठी सांगतो, खिळे जुळवणारा तो जुळारी. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे छपाईचं एकेक सुटं अक्षर, चिमटीत धरून ओळ उभी करायची, तीही उलटी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि त्याचं काम आमच्या वाईत चालायचं, त्यामुळे या गावात एके काळी अक्षरांची माणसं बरीच होती. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. लिहायला नको म्हणाले. "मी चुका काढेन," म्हणाले. वर्षभर त्यांनी दुसरं काही केलं नाही.

चुकांवरूनच आमचा पहिला नियम झाला, आणि तो मी दिला याचा मला जरा अभिमान आहे. वाहकाचं वेबिल असतं. किती तिकिटं गेली, कुठून कुठवर, किती पैसे जमले, सगळा हिशोब त्यावर. वेबिलात खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि सही. आमच्या अंकातही तसंच. व्हाइटनर नाही. चुकलात तर एक रेघ आणि बाजूला आद्याक्षर. चैत्राच्या अंकात बाईंच्या संपादकीयात अशा नऊ रेघा आहेत. निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना ते फार लागलं होतं. फाल्गुनाच्या अंकात दोनच आहेत.

माझी अडचण निराळी होती. तीस वर्षं मी हलत्या गाडीत लिहिलं. पसरणीच्या घाटात, जोर गावच्या खडबडीत रस्त्यावर, एक पाय दांड्याला रेटून आणि तिकिटांचा ट्रे पोटाशी धरून. हाताला धक्क्यांची सवय. स्थिर टेबलावर बसलो तर अक्षर डावीकडे कलायला लागलं, जणू येणाऱ्या वळणाची तयारी ठेवतंय. पहिल्या महिन्यात मी एक पान सहा वेळा लिहिलं. आमची मंडळी आतून म्हणाली, "टेबल हलवू का?" चेष्टेने म्हणाली, पण शेवटी मी पान मांडीवर घेतलं तेव्हाच ते सरळ आलं. अजून मांडीवरच लिहितो.

विषय काय, तर ज्याचं त्याचं. अट एकच घातली : सुविचार नाहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत, आणि जे तुम्ही स्वतः पाहिलं किंवा केलं नाही ते नाही. मी मुक्कामी गाड्यांवर लिहिलं. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी. चालक टपावर झोपायचा, मी आत सीटवर, पैशांची बॅग उशाला. पहाटे गावातलं कुणीतरी चहा घेऊन काच वाजवायचं. नर्सताईंनी लसीच्या डब्यातल्या बर्फावर लिहिलं, तो लेख मला सगळ्यांत आवडला. लस गारच राहिली पाहिजे आणि पलीकडच्या वाडीला जायला रस्ता नाही, मग तो डबा घेऊन त्या किती वाजता निघायच्या, कुठे सावली होती, कुठल्या झऱ्यावर थांबायच्या, एवढंच. कुठेही "सेवा" हा शब्द नाही. शेठनी ज्वारीच्या भाकरीवर लिहिलं. ज्वारी ते विकतात, भाकरी कधी थापलेली नाही. पसरणीच्या एका आजींनी नातवाकडून लेख वाचून घेतला आणि मागच्या पानावर शेरा लिहायला लावला : "आजी म्हणते, उकळतं पाणी घालायचं लिहिलं नाही. अशी भाकरी तव्यावर जायच्या आधीच मोडंल." पुढच्या अंकात शेठनी दुरुस्ती छापली. म्हणजे लिहिली.

कवितांबद्दल मात्र कबूल करतो, आमचं चुकलं. आषाढाच्या अंकात विठ्ठलावर सात कविता आल्या. सातांपैकी सहांत "युगे अठ्ठावीस" आणि पाचांत "सावळा" होतं. आम्ही भिडेपोटी सगळ्या घेतल्या. जुळारी काकांनी अंक चाळला, चष्मा काढला आणि म्हणाले, "यांचं एकच पान जुळवून ठेवलं असतं तर सातदा छापता आलं असतं." त्यानंतर महिन्याला दोन कविता, तिसरी आली तर पुढच्या महिन्यात. एक सदस्य रुसून गेले. मार्गशीर्षात परत आले, गद्य घेऊन.

सगळ्यांत मोठं भांडण मात्र 'ल' वरून झालं. बारावीची मुलगी 'ल' लिहिते तो दंडाचा, फोनवर दिसतो तसा. पेंटरना तो डोळ्यांसमोर चालत नाही. मराठी 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, असं त्यांचं म्हणणं, आणि २००९ साली शासनाने तसा निर्णयही काढला होता, हे बाईंनी पुराव्यानिशी सांगितलं. मुलगी म्हणाली, शासनाचं राहू द्या, मी लहानपणापासून पुस्तकातही दोन्ही पाहिलेत, मला तर हा सोपा पडतो. दोन बैठका यात गेल्या. शेवटी पेंटरनी वाद सोडला आणि तिला एका रविवारी दुकानात बोलावलं. खडूच्या दोरीने भिंतीवर रेघ मारली, चपटा ब्रश तिच्या हातात दिला आणि फूटभर उंचीचा 'ल' काढायला लावला. ब्रश वळला की पाकळी आपोआप जाड-बारीक होते, हे तिला हातात कळलं. आता ती मथळे पाकळीच्या 'ल'ने काढते आणि मजकूर दंडाच्या 'ल'ने लिहिते. पेंटर ते पाहतात आणि गप्प बसतात.

बांधणी आमच्या घरी होते. मंडळीने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, तिला दाभण आणि दोरा नवा नाही. मैद्याची खळ करायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. हे तिला एका जुन्या बाइंडरने सांगितलं. पाठीला कॅलिको कापडाची पट्टी. खर्च माणशी महिना ३० रुपये, त्यात कागद, शाई, दोरा आणि बैठकीचा चहा भागतो. भजी झाली तर ती ज्याच्या घरी बैठक त्याच्या पदरची.

आता फेरीचं सांगतो, कारण माझ्या मते अंक चालला तो तिच्यामुळे. लिहिणारे कुठेही मिळतात. प्रत एक आणि वाचणारी घरं चौदा, म्हटल्यावर वेळापत्रक लागतं, आणि ते मला येतं. घरटी दोन दिवस म्हणजे अठ्ठावीस दिवस. तिथीने महिना साडेएकोणतीस दिवसांचा धरला तर दीड दिवस उरतो, तेवढा अंक माझ्या घरी, म्हणजे 'आगारात'. अंकाच्या शेवटच्या पानावर मी वेबिल चिकटवतो. कोणत्या घरी कधी गेला, कधी निघाला, सही. मागे चार कोरी पानं, त्यांवर वाचणाऱ्याने पेन्सिलीने काय ते लिहायचं. वर्षअखेर बारा वेबिलं समोर ठेवून बसलो तेव्हा गंमत कळली. एका घरातून अंक दर वेळी त्याच संध्याकाळी परत. म्हणजे उघडतच नव्हते. दुसऱ्या एका घरात श्रावणाचा अंक नऊ दिवस अडकला. मी चिडून गेलो, तर त्या घरची सून म्हणाली, सासरे रोज एकच पान वाचतात, मोठ्याने, आणि आम्ही सगळे ऐकतो. मी तसाच परत आलो. या चैत्रापासून त्या घराला चार दिवस दिले आणि न उघडणाऱ्या घराचे दोन दिवस काढून घेतले. गाडी रिकामी धावत असेल तर फेरी बदलायची असते.

आता माझा गुन्हा. गेल्या वर्षी पावसाने मेमध्येच गाठलं, आठवत असेल. वैशाखाचा अंक मी पसरणीहून घेऊन येत होतो. कापडी पिशवीत, प्लॅस्टिक न घालता. तीस वर्षांत पैशांची बॅग कधी भिजू दिली नाही, आणि हा अंक भिजवला. दौतीतल्या निळ्या शाईची अकरा पानं फुटली, बॉलपेनची वाचली. रात्रभर पंख्याखाली पानं सुटी करून, प्रत्येक पानामध्ये वर्तमानपत्र घालून ठेवली. संपादक महोदय, ते आपलंच होतं. ओल्या कागदावर आपल्या अंकातली टायरची एक जाहिरात उलटी उमटली आहे, नर्सताईंच्या लेखावर. तो अंक परत लिहून काढायचा का, यावर मत घेतलं. नको, असं ठरलं. जे वाचता येतं ते वाचता येतं. मी मात्र तेव्हापासून काळी, पाण्याने न फुटणारी शाई आणतो आणि अंकाला रेक्झिनची पिशवी शिवून घेतली आहे. तिच्यावर पेंटरनी लिहिलंय, "मुक्कामी".

फोनचा प्रसंगही सांगायला हवा. भाद्रपदात एका घरच्या मुलाने हौसेने सगळ्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. वाईट हेतू काही नव्हता. पण त्या महिन्याच्या वेबिलावर पुढच्या चार घरांनी "फोनवर पाहिला" लिहून अंक तसाच पुढे पाठवला, आणि मागची चारही पानं कोरी राहिली. एकही शेरा नाही. वर्षातला तेवढाच अंक. म्हणून फोटो बंद केले. यावर आमची बारावीची मुलगी अजून भांडते. तिच्या मैत्रिणी शिकायला पुण्याला गेल्या, त्यांनी काय करायचं? तिचं चूक नाही. मी तिला म्हटलं, दिवाळीला येतील तेव्हा वाचतील. ती म्हणाली, काका, तुमची एस.टी. सुटली की दुसरी येते, अंकाचं तसं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

एका पुढाऱ्यांनी प्रकाशन समारंभ करू, पहिल्या पानावर माझा शुभसंदेश द्या, असं सुचवलं. प्रत एकच आहे म्हटल्यावर विषय संपला.

येत्या वर्षात अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे महिने तेरा. तेरावा अंक काढायचा की नाही? शेठ म्हणतात, काढू नका, वर्गणी बाराचीच घेतलीय. बाई म्हणतात, अधिकात दान करतात, सगळा अंक दुसऱ्यांना लिहायला द्यावा, चौदा घरांतल्या ज्या माणसांनी कधी लिहिलं नाही त्यांना. हे पत्र लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही, पण पसरणीच्या आजींनी नातवाकरवी कळवलंय की भाकरीवर त्या सांगणार आहेत.

आता विनंती.

मी आठवीत असताना, १९७२ साली, आमच्या शाळेत हस्तलिखित निघालं होतं. तेव्हा अनेक शाळांत निघायचं. साने गुरुजी अंमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत, ते आमच्या गुरुजींनी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी आमच्याकडून वार्षिक तरी करून घेतलं. ते दुष्काळाचं साल. माण तालुका म्हणजे काय ते जाणत्यांना सांगायला नको. आई खडी फोडायला जायची, दुष्काळी कामावर. तिथे सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची, घरी मिलो या परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी. मी त्यावर दीड पान लिहिलं होतं. आईच्या हाताला फडकं कसं बांधलेलं असायचं, हातोडीचा दांडा कुठे झिजला होता, सुकडी मी पाटाखाली लपवून कशी खाल्ली, हे त्यात होतं. गुरुजींनी खाली लाल शाईने लिहिलं होतं, "खरे लिहिले आहेस." एवढंच. आई १९९१ साली गेली. तिचा फोटो आहे तो लग्नातला, डोईवर पदर, हात दिसत नाहीत.

आमचा कार्तिकाचा अंक निघाल्यावर मला त्या दीड पानाची आठवण आली. शाळा अजून चालू आहे. गेलो. आताचे गुरुजी तरुण, बोलायला चांगले, त्यांनी कपाटं उघडून दाखवली. मग शिपायाने सांगितलं, इमारतीला रंग दिला तेव्हा जुनी कपाटं रिकामी केली, हस्तलिखितं होती दहा-पंधरा, रद्दीवाल्याने किलोवर नेली. कुणाला दोष देणार? त्या कपाटात कसर होती, पावसाचं पाणी येत होतं, आणि कुणी कधी ती मागितली नव्हती. मीही त्रेपन्न वर्षं मागितली नव्हती.

वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथलं मोडी दफ्तर इतिहासकारांना ठाऊक आहे. कुठल्या कारकुनाने काजळाच्या शाईने लिहिलेला कुठल्या तरी हिशोबाचा कागद अडीचशे वर्षं राहतो, कारण कुणीतरी त्याला रुमालात बांधून ठेवलं. माझ्या आईच्या हातांवरचं दीड पान ५०-५५ वर्षंही टिकलं नाही.

तर आपल्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, शाळेच्या संस्थेवर आहेत, वाचनालय चालवतात, किंवा ज्यांच्या माळ्यावर वडिलांची ट्रंक आहे, त्यांना माझं सांगणं आहे. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते, रंगकाम निघतं, कपाटं रिकामी होतात. रद्दीवाला यायच्या आधी एकदा आत बघा. हस्तलिखित असेल, त्याचा पुठ्ठा सुटलेला असेल, चित्रं हास्यास्पद असतील, कविता आमच्या आषाढासारख्या असतील. तरी ठेवा. ठेवायला जागा नसेल तर आम्ही ठेवू. बाईंच्या घरी एक कपाट मोकळं केलंय, मंडळी फाटलेली पाठ शिवून देईल, खळ आणि मोरचूद आमचं. ज्याचं त्याला वाचायला हवं असेल तेव्हा परत देऊ, वेबिलावर सही घेऊन.

माझा पत्ता या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे वेगळा दिला आहे, कुणी विचारलं तर कळवावा. टपालाने पाठवण्याच्या भानगडीत कुणी पडू नये, प्रत एकच असते. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, कुठेही असो, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. ६५ च्या वर आहे, अर्धं तिकीट लागतं.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहक, वाई